गोदामबाईंची मयतवही

माझी मावशी ज्या नगरपालिकेत नोकरी करते, तिथली खरेदी शाखा वर्षानुवर्षं एका शब्दावर चालली. तो शब्द म्हणजे ‘मागीलप्रमाणे’. बादल्या किती घ्यायच्या? मागीलप्रमाणे. कशा घ्यायच्या? मागीलप्रमाणे. का घ्यायच्या, हे विचारायची पद्धत नव्हती.

हा शब्द जणू हेडक्लार्कच्या मालकीचा होता. त्यांचा हात कोऱ्या कागदावर पडला की आपोआप ‘मा’ उमटायचा. पाठीमागे सगळे त्यांना मागीलप्रमाणे साहेबच म्हणत. नव्या शिपायाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, हेच आडनाव. त्यानं एकदा तोंडावरच विचारलं, “मागीलप्रमाणे साहेब, चहा आणू?” सगळं ऑफिस गार पडलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “आण. साखर मागीलप्रमाणे.”

नगरपालिकेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. निविदांचे कागद प्रतींसाठी माझ्याकडेच येतात. त्यामुळे पुढे जी चूक सांगणार आहे, तिच्या प्रसाराला माझाही हातभार लागलेला आहे, आणि तोही रोख पैसे घेऊन. हे आधीच कबूल केलेलं बरं.

मावशी भांडारपाल, म्हणजे तळघरातल्या गोदामाची राणी. प्रजा कोण, तर फिनेल, खराटे, खुर्च्या, बल्ब आणि एक झुरळ, जे तिच्या मते कायम सेवेत होतं. सगळे तिला गोदामबाई म्हणत. नियम असा की जुनी मोडकी वस्तू आणून द्या आणि नवी घेऊन जा. मोडक्या वस्तूपुढे रजिस्टरात ‘निकामी’ एवढा शब्द लिहिला की कुठल्याही भांडारपालाचं काम संपतं. मावशीचं तिथून सुरू व्हायचं. ती चष्मा लावायची, वस्तू उलटीपालटी करायची आणि आणणाऱ्याला विचारायची, “आधी काय गेलं?”

“काय गेलं म्हणजे? खुर्ची गेली.”

“खुर्ची एकदम जात नाही हो. आधी काहीतरी एक जातं, मग बाकीचं त्याच्या मागे जातं. आधी काय गेलं?”

हे सगळं ती एका लांबट वहीत लिहायची. वहीवर कसलंही शासकीय नाव नव्हतं. आईनं तिला नाव दिलं होतं मयतवही. आत चार रकाने होते. वस्तू, कधी आली, कधी गेली, आधी काय गेलं. मी ती वही कादंबरीसारखी वाचायचो. ‘स्टेपलर. स्प्रिंग गेली. बाकी तब्येत ठणठणीत.’ ‘बादली. कान तुटला. बादलीचा दोष नाही, कानाचा आहे.’ ‘करनिरीक्षकांची खुर्ची. उजवा हात. साहेब उजवीकडे कलतात.’ ‘पंखा, सभागृह. वृद्धापकाळ.’

“माणूस गेला तर इतकी चौकशी होत नाही,” आई म्हणायची.

“माणूस निविदा काढून आणावा लागत नाही, ताई,” मावशीचं उत्तर तयार असायचं.

आमच्या घरी आम्ही तिघं. आई, तिची ही धाकटी बहीण आणि मी. आई नगरपालिकेच्याच दवाखान्यात सफाई कामगार. खरं तर चौघं म्हणायला हवं, कारण आईची कंबर हे आमच्या घरातलं चौथं माणूस होतं. तिची वेगळी उशी, वेगळी बाटली, वेगळे रुसवेफुगवे. “आज कशी आहे?” असं आम्ही विचारायचो ते आईबद्दल नाही, कंबरेबद्दल.

तर एके दिवशी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. शाश्वत सार्वजनिक खरेदी, आवश्यक व्यावसायिक कौशल्ये, चार दिवसांचं प्रशिक्षण, प्रत्येक कार्यालयातून एक जण पाठवा. हेडक्लार्कनी पत्र दोनदा वाचलं.

“शाश्वत म्हणजे कायमचं. कायमची खरेदी! एकदाच सगळं घेऊन टाकलं तर उद्यापासून आपण काय करायचं?”

जायला कुणी तयार होईना. अभियंत्याला साइट होती, लेखापालाला तपासणी होती, हेडक्लार्कना साक्षात हेडक्लार्कपणा होता. शेवटी ज्याच्या जाण्यानं कुणाचं अडत नाही असा माणूस शोधला गेला. गोदामाला चार दिवस कुलूप लावलं तर आभाळ कोसळणार नव्हतं. मावशीनं बॅग भरली. साडीच्या घड्यांच्या मध्ये तिनं मयतवही ठेवली.

तिथं शिकवायला एक निवृत्त खरेदी अधिकारी होते. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “गेल्या वर्षी तुम्ही विकत घेतलेली कुठलीही एक वस्तू आज कुठे आहे, कोण सांगेल?” बत्तीस जणांनी खाली बघितलं. मावशीनं पिशवीतून वही काढली आणि विचारलं, “कुठली सांगू?”

ते गृहस्थ चहाच्या सुट्टीत चहा न पिता ती वही वाचत बसले. मग म्हणाले, “बाई, चार दिवसांत मी जे शिकवणार आहे ते तुम्ही उलट्या टोकाकडून लिहून ठेवलंय. वस्तू कशी मरते हे तुम्हाला कळतं. आता तेवढं ती जन्मायच्या आधी कागदावर लिहायला शिका.”

मावशी परत आली ती बदलून वगैरे नाही, आपल्यासारखीच, फक्त बोलायला जास्त मुद्दे घेऊन. जेवताना तिनं आम्हाला सगळं प्रशिक्षण दिलं. वस्तू दिसते कशी ते लिहू नका, तिनं काम काय करायचं ते लिहा. आज स्वस्त पडते का बघू नका, मरेपर्यंत कितीला पडते बघा. मेल्यावर तिला कोण घेऊन जाणार, हे घेतानाच ठरवा. मागवण्याआधी बाजारात विचारून या, पण असं काही लिहू नका की एकाच दुकानदाराला बसेल. आणि आपलं कुणी त्यात गुंतलेलं असेल तर पहिल्या पानावर सांगून मोकळे व्हा.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि उठताना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “एवढं शिकलीस तर तुझ्या साहेबांना विचार, पोछ्याचे दांडे बुटके का आणतात?”

“बुटके?”

“म्हणजे काय! पूर्वी लांब असायचे. उभ्यानं पुसायचो आम्ही. मग एके वर्षी एकदम बुटके आले. आम्ही म्हटलं, लाकूड महागलं असेल.”

मावशीचा घास हातातच राहिला. “कधीपासून, ताई?”

“हा पाचवीत होता बघ तेव्हा,” आईनं माझ्याकडे बोट केलं. आमच्या घरात इतिहास असाच मोजतात. म्हणजे चौदा वर्षं.

दुसऱ्या दिवशी मावशी मोजपट्टी घेऊन दवाखान्यात हजर. तिथे चाळीस सफाई कामगार. मेट्रनबाईंनी सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलं.

“गणवेश शिवायचेत का?” एकीनं विचारलं.

“कंबरा शिवायच्यात,” मावशी म्हणाली.

दांडा उभा धरला की त्याचं टोक हनुवटी आणि कपाळ यांच्या मध्ये कुठेतरी यायला हवं, तर माणूस ताठ उभा राहून पुसू शकतो. इथे टोक बहुतेकांच्या काखेशी येत होतं. दांडा बरोब्बर चार फूट. मावशीनं एकोणचाळीस जणांची मापं लिहिली. चाळीसावी तिची सख्खी बहीण, म्हणून ते माप तिनं घेतलंच नाही. आई रांगेत ताटकळली आणि भडकली. “सगळ्या जगाची कंबर मोजलीस आणि माझी नाही?”

“तुझी घरी मोजते, ताई. कागदावर नको.”

मग ती धुलाईघराच्या मागे गेली. तिथे मेलेल्या पोछ्यांचा ढीग होता. या पोछ्यांना सुती गोंडा खिळ्यांनी कायमचा ठोकलेला. गोंडा दोन महिन्यांत झिजायचा आणि सोबत अख्खा दांडा फेकला जायचा. मयतवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘पोछा. गोंडा गेला. दांडा जिवंत पुरला.’ खाली हिशोब. चाळीस माणसं, वर्षाला सहा पोछे, करार तीन वर्षांचा. म्हणजे सातशेवीस धडधाकट दांडे कचऱ्यात.

तिनं हेडक्लार्कांकडे मूळ फाइल मागितली.

“मूळ कशाला? मागची बघा.”

“मागचीत ‘मागीलप्रमाणे’ लिहिलंय.”

“मग तिच्या मागची बघा.”

“तिच्यातही तेच आहे, साहेब.”

“बघा, म्हणजे कारभारात एकसूत्रीपणा आहे,” हेडक्लार्क समाधानानं म्हणाले.

मावशी फायलींमधून मागे मागे चालत गेली. चौदा वर्षं मागे गेल्यावर टाइप केलेला एक कागद सापडला. ‘दांडा: ४ फूट.’ त्यामागे काही नाही. पण गोदामाच्या माळ्यावर तिच्या आधीच्या भांडारपालांचं एक गाठोडं पडलेलं होतं. त्यात त्यांच्या हातची मूळ मागणी निघाली. ती घेऊन मावशी माझ्या दुकानात आली.

“हे चौपट मोठं करून दे. आणि हा आकडा वाच.”

“चार,” मी म्हटलं.

“इंग्रजी की मराठी?”

आता मी नीट बघितलं. जुने भांडारपाल मराठी ‘५’ असा काढायचे की वरचं तोंड उघडं आणि पाय सरळ. ज्याचा डोळा इंग्रजी आकड्यांना सरावलाय, त्याला तो सरळसरळ इंग्रजी चार दिसणार. त्याच पानावर खाली ‘खराटे ५ डझन’ होतं, अगदी त्याच वळणाचं, आणि शेजारी अक्षरात ‘पाच’ लिहिलेलं. टाइप करणाऱ्यानं मराठी पाचाला इंग्रजी चार समजून मराठी चार ठोकला होता. एका आकड्यानं दोन भाषांमध्ये कोलांटी मारली आणि चाळीस माणसं चौदा वर्षं वाकली.

“नशीब समज,” मावशी म्हणाली, “की पुढच्या कुणी त्या मराठी चाराला इंग्रजी आठ वाचलं नाही. नाहीतर ताईला स्टुलावर उभं राहून फरशी पुसावी लागली असती.”

पण मावशी एका कागदावर विश्वास ठेवणारी नव्हे. पुरावा तिच्या रोज हाताखालून जात होता. गोदामाच्या मागच्या दाराला आतून अडसर म्हणून एक जुना दांडा लावलेला असायचा, तिच्या आधीपासूनचा. तिनं मोजपट्टी लावली. साठ इंच, म्हणजे पाच फूट. टोकाला जुन्या गोंड्याची पितळी कडी अजून होती, म्हणजे त्या काळी गोंडा काढता-घालताही येत होता.

त्या दिवशी माझ्या दुकानातून निघताना तिनं टाइप केलेल्या कागदाचीही प्रत मागितली होती. काच खाली करताना म्हणाली, “हा खालचा कोपरा नको येऊ देऊ.” कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. मी ती वाचली. मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यावर कोरा कागद ठेवला आणि बटण दाबलं. चौदा वर्षांपूर्वी हेडक्लार्क हेडक्लार्क नव्हते. टंकलेखक होते.

तिनं नवं विनिर्देशपत्र लिहिलं, म्हणजे वस्तू कशी हवी त्याचा कागद. पोछा कुठल्या कंपनीचा, कुठल्या रंगाचा, यातलं काहीही नाही. ताठ उभं राहून काम करता यावं, दांडा साठ इंच. गोंडा हातानं काढता-घालता यावा, दीडशे धुण्यांना टिकावा. झिजलेले गोंडे पुरवठादारानं परत न्यावेत. एका नगाची किंमत नव्हे, तीन वर्षांचा एकूण खर्च तुलनेला धरावा. सहा विक्रेत्यांना आधी पत्रं पाठवून असं काही बनवता का, हेही तिनं विचारून घेतलं.

हेडक्लार्कनी कागद बाजूला सारला. “गोदामबाई, तुमचं काम वस्तू ठेवायचं. मागवायचं आमचं. चौदा वर्षांत एक तक्रार नाही आली.”

“तक्रारवही तुमच्या कपाटात आहे, साहेब. कुलपात.”

“वही सुरक्षित नको का राहायला?”

तेव्हा मावशीनं मोठी केलेली प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रत डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो उघड्या तोंडाचा पाच वाचला. मग एवढंच म्हणाले, “शुक्रवारी निविदापूर्व बैठक आहे. मुख्याधिकारी मॅडम ठरवतील.”

शुक्रवार म्हणजे शेवटची संधी. चालू करार महिनाअखेर संपत होता. बैठकीत नवं विनिर्देशपत्र फेटाळलं गेलं तर पुढची तीन वर्षं पुन्हा चार फूट. आणि आईच्या नोकरीला तीन वर्षं आणि चार महिने उरले होते.

“म्हणजे हे जमलं नाही,” आई कंबरेला शेक देत म्हणाली, “तर मी वाकूनच निवृत्त होणार. निरोप समारंभात हार घालायला सोपं, मान खालीच असेल.”

मावशी हसली नाही. ती हसत नाही तेव्हा मला भीती वाटते.

बैठकीच्या आदल्या दिवशी हेडक्लार्क स्वतः माझ्या दुकानात आले. एरवी ते शिपायाला पाठवतात. हातात तोच टाइप केलेला कागद, मूळ फायलीतला.

“एक प्रत दे,” ते म्हणाले. मी सवयीनं कोपरा झाकायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. “कोपऱ्यासकट.”

निविदापूर्व बैठक सगळ्यांना खुली असते. कुणीही येऊन ऐकावं. मी दुकान अर्धं बंद करून गेलो. अध्यक्षस्थानी मुख्याधिकारी मॅडम. नव्याच आलेल्या, कमी बोलणाऱ्या, पेनाचं टोपण चावणाऱ्या. एका बाजूला चार-पाच विक्रेते, त्यात चौदा वर्षं बुटके दांडे पुरवणारे शेठ. माणूस मात्र सहा फुटी. भिंतीला टेकवून दोन पोछे ठेवलेले, एक चार फुटी, दुसरा अडसराचा दांडा काढून त्याला नवा गोंडा बसवलेला.

शेठनी सुरुवात केली. “मॅडम, गोंडा वेगळा निघणारा पोछा बाजारात मिळतच नाही.”

“मिळतो,” मावशी म्हणाली. “सहा जणांना विचारलं. चौघांची उत्तरं आली. तिघं देऊ शकतात.”

“कोण तिघं? मला तर कुणी नाही दिसत.”

“तुमच्या स्वतःच्या दरपत्रकात पान नऊवर आहे, शेठ. चौथी ओळ.”

शेठनी दरपत्रक उघडलं, पान नऊ वाचलं आणि दुसरा मुद्दा काढला. “एका नगाची किंमत जास्त पडणार.”

मावशीनं मयतवही मॅडमपुढे उघडली. मॅडमनी टोपण चावायचं थांबवलं आणि पानं उलटली. ‘साहेब उजवीकडे कलतात’ या ओळीपाशी त्यांचे ओठ हलले. करनिरीक्षक सरळ बसले.

“एक नग स्वस्त आहे, मॅडम,” मावशी म्हणाली, “पण तो आपण वर्षात सहा वेळा घेतो. दर वेळी जिवंत दांडा फेकतो. तीन वर्षांचे सातशेवीस. माझ्या मागणीत तीन वर्षांना साठ दांडे पुरतात. बाकी फक्त गोंडे, आणि तेही धुऊन.”

शेठनी आता हुकमाचं पान टाकलं. आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, मला बोलायचं नव्हतं. पण यांची सख्खी बहीण दवाखान्यात सफाईला आहे. घरच्या माणसासाठी चाललंय हे सगळं.”

खोलीत कुजबुज झाली. मावशीनं फक्त पान उलटलं. “पहिलं पान, मॅडम. पहिलीच ओळ.”

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. “माझी सख्खी बहीण या दवाखान्यात सफाई कामगार आहे. तिचं माप मोजणीत धरलेलं नाही. मोजणी मेट्रन यांच्या समक्ष, त्यांची सही सोबत.” मग त्यांनी शेठकडे बघितलं. “आणखी काही?”

“चार फुटी दांडा प्रमाणित आहे, मॅडम. चौदा वर्षं चालतोय. काही त्रास नाही त्याचा.”

मॅडम उठल्या. चार फुटी पोछा उचलून त्यांनी शेठच्या हातात दिला. “बाहेरचा व्हरांडा. इथून जिन्यापर्यंत. पुसून दाखवा.”

सगळी बैठक दारात जमली. व्हरांडा पुसणाऱ्या बाईंनी बादली पुढे केली. सहा फुटी शेठ वाकले. पहिल्या खांबापर्यंत हसत गेले. दुसऱ्या खांबापाशी हसू ओसरलं. तिसऱ्यापाशी त्यांनी एक हात कंबरेवर ठेवला, आई ठेवते अगदी त्याच जागी.

“व्हरांडा फार लांब आहे हो,” ते म्हणाले.

“दवाखान्याचा याच्या पाचपट आहे,” मावशी म्हणाली.

“शेठ, कोपरे राहिले,” बादलीवाल्या बाई म्हणाल्या.

मग मॅडमनी अडसराचा पोछा घेतला आणि ताठ उभ्या राहून, बोलता बोलता, जिन्यापर्यंत पुसत गेल्या. परत येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. “पाचाचे चार झाले कसे?”

“वाचण्यात चूक झाली, मॅडम,” मावशी पटकन म्हणाली. “अक्षरच तसं आहे. कुणाचीही झाली असती.”

“अक्षराचा दोष नाही.” हेडक्लार्क उभे राहिले होते. हातात माझ्या दुकानातली प्रत, कोपऱ्यासकट. “टाइप मी केलं होतं. खाली माझी आद्याक्षरं आहेत. शंका आली असती तर खाली गोदामात जाऊन विचारता आलं असतं. सत्तावीस पायऱ्या आहेत. मी गेलो नाही.” त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. “दुरुस्तीसाठी टिपणी लागते. ती लिहून आणलीय. गोदामबाईंचं विनिर्देशपत्र मंजूर करावं, अशी शिफारस आहे.”

मॅडमनी उभ्या उभ्याच सही केली, भिंतीवर कागद ठेवून. व्हरांड्यात पहिली टाळी बादलीवाल्या बाईंनी वाजवली. ओल्या हातांची टाळी फार जोरात वाजते.

निविदा निघाली, तिघांनी भरली, तीन वर्षांच्या खर्चानं तुलना झाली आणि काम मिळालं कुणाला? शेठनाच! मी चिडलो. मावशी मात्र खुशीत.

“अरे, माणूस कुठे बदलायचा होता? दांडा बदलायचा होता.”

पहिला टेम्पो आला तेव्हा ती फाटकातच मोजपट्टी घेऊन उभी होती. पहिला दांडा सत्तावन्न इंच. दुसरा सत्तावन्न. दहावा सत्तावन्न. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, तीन इंचांनी काय होतंय?”

“याच्या आधी एका फुटानं काय झालं ते दवाखान्यात जाऊन विचार. वळव गाडी.”

टेम्पो आला तसा परत गेला. चार दिवसांनी आला तो साठ इंच घेऊन. मावशीनं साठच्या साठ दांडे मोजले, मग पावतीवर सही केली. शेठचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. ते म्हणत होते, “बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का येत नाही?”

त्या दिवशी दुपारी मी आईला चष्मा द्यायला दवाखान्यात गेलो. घरी विसरली होती. लांबलचक व्हरांडा होता. दुरून एक बाई होडी वल्हवावी तशी पोछा मारत येत होती. खांदे मागे, मान वर, लयीत. मी तिला रस्ता द्यायला बाजूला झालो. जवळ आल्यावर कळलं, आई आहे. माझी आई उंच आहे हे मला चोविसाव्या वर्षी समजलं.

“बघतोस काय? पाय उचल, ओलं आहे,” ती म्हणाली.

ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी आता खरेदी शाखेची प्रमुख आहे, पण टेबल वर आणायला तिनं नकार दिला. शाखाच गोदामात खाली आली. सत्तावीस पायऱ्या हेडक्लार्क रोज उतरतात आणि चढतात, आणि त्यांचा गुडघा त्या ऑफिसचा नवा रुसका पाहुणा आहे. चार महिन्यांनी आई निवृत्त होईल. हार घालणाऱ्यांना टाचा उंच कराव्या लागतील, असं ती सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवतेय.

गेल्या आठवड्यात पोछ्यांचा करार संपत आला म्हणून हेडक्लार्क नवी फाइल घेऊन खाली आले. कसलेल्या हातानं त्यांनी त्यावर एकच शब्द लिहिला होता.

“आता तरी चालेल ना?” ते जरा लाजत म्हणाले. “आता मागचं बरोबर आहे.”

मावशीनं मयतवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. “गोंडा धरणारी क्लिप. एकवीस मेल्या, सगळ्या डाव्या बाजूनं. आधी ते बघा, मग लिहा.”

साहेबांनी निःश्वास टाकला, ‘मागीलप्रमाणे’वर आडवी रेघ मारली आणि खुर्ची ओढून वही वाचायला बसले. ते आता फारच वाचतात ती वही. इतकी, की पाठीमागचं त्यांचं नाव बदललंय. शिपायानं परवा खाली येऊन विचारलं, “आधी-काय-गेलं साहेब, चहा आणू?”

“आण,” ते वहीतून डोकं न काढता म्हणाले. “पण आधी कपाचा कान बघून आण.”